आवाज नसलेली फाइल

मला माझ्या वहिनीचा हेवा वाटतो. लिहायला बसले तेव्हा पहिली दोन पानं मी भलतंच काही लिहीत होते, ती फाडली आणि सरळ इथूनच सुरुवात केली.

वहिनी म्हणजे धाकट्या भावाची बायको. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, दहावीपर्यंत शिकलेली. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. हे मी जागोजागी सांगते आणि सांगत राहणार, कारण गावाहून रोज एसटीने धुळ्याला जाऊन मी ती कशी घेतली ते मला माहीत आहे. आज जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब माझ्या ताब्यात आहे. पोरंपोरी मला मॅडम म्हणतात, प्राचार्यांचा प्रिंटर अडला तरी मलाच बोलावणं येतं. अशा बाईला कापूस वेचणाऱ्या भावजयीचा हेवा का वाटावा? एका गाण्यावरून वाटला. आणि ते गाणं तिच्यापर्यंत पोचलं ते मी लावून दिलेल्या यंत्रातून.

माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात. आईला आम्ही माय म्हणतो. माय गाणारी आहे. लग्नातली हळद असो, कोणाचं बारसं असो, आधी मायला निरोप जातो आणि मग बाकीच्यांना. पण तिचं खरं राज्य श्रावणात, कानबाई या आमच्या देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे नारळाची कानबाई मांडतात, तिला नथ, डोळे, साडी, सगळा साज करतात, आणि सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायला नेतात. त्या बोळवणीचं एक गाणं आहे. ते आमच्या घराण्याचं. मायला तिच्या सासूने दिलं, सासूला तिच्या सासूने. ते आहे रस्त्याइतकं लांब. उंबऱ्याचं कडवं वेगळं, गल्लीचं वेगळं, मग पार, मग विहीर, मग बाभळीचं वळण, मग नदीची उतरण. ते चालता चालताच म्हणायचं. आणि कानबाई डोक्यावर नसताना त्या रस्त्याने ते गाऊ नये, असा मायचा दंडक. त्यामुळे सराव असा नाहीच. वर्षातून एकदा चाला आणि शिका.

मी शिकले नाही. लहानपणी बायका म्हणायच्या, पोरीला घे जवळ. माय म्हणायची, "तिले अभ्यास करू द्या." ती मला गाण्यातून, शेणातून, धुण्यातून उठवून पुस्तकापाशी बसवायची. मी कानबाईच्या मिरवणुकीतही मागे राहायचे, सोमवारी शाळा असायची म्हणून. याचा मला तेव्हा फार तोरा होता. आमच्या वर्गातल्या एकाही मुलीच्या आईने असं केलं नव्हतं.

लग्न होऊन मी जळगावला आले. आमच्याकडे कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, घरात आलेल्या सुनेने खायचे, लग्न करून दिलेल्या लेकीने नाही. मला वेगळं ताट येतं. खीर, पुऱ्या, गंगाफळाची भाजी, सगळं येतं, रोट येत नाही. त्याचं मला आधी काही वाटत नव्हतं. जे वाटायला लागलं ते नंतर.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात फायबरचं इंटरनेट आलं. मी तेव्हाच ठरवलं की मायची सगळी गाणी एका जागी आणायची. वीस वर्षांत कोणी कोणी काय काय शूट केलं होतं: लग्नांच्या सीडी, कोणाच्या मोबाइलमधली हळद, कोणाच्या पेन ड्राइव्हवर अर्धं गाणं आणि अर्धी पंगत. मी दारोदार फिरून ते गोळा केलं. दिवाळीच्या सुट्टीत साठवणीची एक पेटी घेऊन गेले. ही पेटी राउटरच्या शेजारी ठेवायची, तिच्यात हार्डडिस्क असते. घरातला सेट टॉप बॉक्स तिच्यातल्या फाइली वायफायवरून उचलतो आणि टीव्हीवर दाखवतो. मायच्या भाषेत पेटी म्हणजे मोठी डबी आणि सेट टॉप बॉक्स म्हणजे लहान डबी.

पहिल्या दिवशी लहान डबीला मोठी डबी सापडेना. दोघींमध्ये सहा फुटांचं अंतर, आणि टीव्हीवर अक्षरं येत होती की नेटवर्कवर काहीही आढळले नाही. मी तासभर सेटिंग खालीवर करत होते. भाऊ बाजेवर बसून बघत होता. तो म्हणाला, "घरमाच शे नि सापडत नही? बैल तरी हंबरस." सगळे हसले. मी नाही हसले. पेटी नव्या पद्धतीने बोलत होती आणि बॉक्स जुन्या पद्धतीने ऐकत होता. मी पेटीला जुनी पद्धत चालू करून दिली आणि फोल्डरांची यादी टीव्हीवर आली. तेव्हा मात्र मी भावाकडे बघून घेतलं.

मायने स्वतःला टीव्हीवर पाहिलं आणि पहिली दोन मिनिटं पदर तोंडाशी धरून बसली. नंतर तिने चुका काढायला सुरुवात केली. पडद्यावर शेजारची काकू गात होती, ती त्या दिवशी आमच्याच ओट्यावर बसून बघत होती, आणि माय तिच्यादेखत म्हणाली, "चुकनी ती. तथी वर जावानं व्हतं, खाले उनी." काकू म्हणाली की दहा वर्षं झाली त्याला, आता तरी सोड. मायने सोडलं नाही. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका दुपारी आमच्याकडे जमायला लागल्या, आणि कोणीही आलं की माय सांगायची, हे लेकीनं केलं. मला तेवढं पुरे होतं. पदवीचा कागद मी तिला दाखवला होता तेव्हा तिने तो उलटा धरला होता. हे तिला सुलटं दिसलं.

फक्त एक फाइल अडली, आणि तीच मुख्य. भावाच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, त्याने लग्नातल्याच फोटोग्राफरला कानबाईला बोलावलं होतं. त्या माणसाने मायच्या समोर उलट्या पावलांनी चालत, घराच्या उंबऱ्यापासून नदीपर्यंत सगळं गाणं एका दमात शूट केलं होतं. विहिरीपाशी तो दगडाला अडखळून पडला, चित्र आभाळाकडे गेलं आणि परत मायच्या तोंडावर आलं. बोळवणीचं अख्खं गाणं असलेली ती एकच फाइल. टीव्हीवर तिचं चित्र लख्ख दिसायचं, आवाज येत नव्हता. त्यातला आवाज ज्या प्रकारात साठवला होता तो प्रकार आमच्या बॉक्सला कळत नव्हता. लॅपटॉपवर अर्ध्या तासाचं काम होतं, आवाज दुसऱ्या प्रकारात बदलून घ्यायचा. लॅपटॉप जळगावला राहिला होता. मी म्हटलं, करते पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी मी केलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. आधी खरंच राहून गेलं. मग माझ्या लक्षात आलं की माय रोज संध्याकाळी फोन करते आणि शेवटी विचारते, "मना आवाज कव्हय ई?" मी म्हणायचे, आणते गं माय. एरवी तिचे फोन भावाच्या नंबरवरून, आठवड्याला एक, तब्येत बरी आहे का, ठेवते. आता रोज. कधी यादी दिसत नाही, कधी रिमोटची बत्ती लागत नाही, आणि शेवटी आवाजाची आठवण. लॅबमध्ये पोरांसमोर माझा फोन वाजायचा आणि मी मुद्दाम तिथेच उचलायचे. अर्ध्या तासाचं ते काम मी आठ महिने केलं नाही, कारण ते झालं की फोन थांबले असते.

ते न होताही थांबले.

वैशाखात आठवड्याला दोन झाले, ज्येष्ठात एक. मीच विचारलं, माय, आवाजाचं करायचं राहिलंय ना. ती म्हणाली, "आते राहू दे." मी वहिनीला विचारलं. वहिनी मायशी आमच्या बोलीत बोलते, खिदळते, तिला उलट बोलते. माझ्याशी मात्र पुस्तकी बोलते, साहेबिणीशी बोलावं तसं. म्हणाली, "ताई, तुम्ही त्रास नका घेऊ. आवाज नसला तरी आमचं चालतं."

आमचं. हा शब्द मी दिवसभर चघळला.

पेटीचं एक ॲप माझ्या मोबाइलवर होतं. जळगावात बसून मला दिसायचं की पेटीतली कोणती फाइल शेवटी कधी लावली. एरवी मी ते बघत नव्हते. त्या दिवशी बघितलं. रोज दुपारी दोनच्या सुमारास एकच फाइल. तीच, बोळवणीची, मुकी. दीड महिना, रविवार धरून. बाकीच्या ऐंशी-नव्वद फाइलींना कोणी हात लावला नव्हता. माझ्याच गावात, माझ्याच पेटीतून, माझ्या मायच्या बिनआवाजाच्या तोंडाकडे कोणीतरी रोज तास-तासभर बघत होतं, आणि मला काही सांगत नव्हतं. मी दुपारी दोन वाजले की मोबाइल उघडून बसायला लागले. लॅबमध्ये पोरं प्रोग्रॅम चालत नाही म्हणून हाका मारत राहायची.

आषाढातल्या एका शनिवारी मी कोणाला न कळवता सुरतेकडची पॅसेंजर धरली. शिंदखेड्याला उतरून रिक्षाने गावात गेले. दोन वाजून गेले होते. दार उघडंच होतं.

टीव्हीवर माय चालत होती, तोंड उघडत-मिटत. आवाज नाही. खाली जमिनीवर खरी माय बसली होती, पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा, नजर टीव्हीवर. ती पडद्यातल्या आपल्याच ओठांकडे बघून गात होती. पार दिसला की पाराचं कडवं. त्या रस्त्याशिवाय तिला गाणं आठवत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढचं वळण दिसलं की पुढचं कडवं आपोआप येतं तिला. वहिनी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. तिने रिमोट दाबून चित्र थांबवलं आणि तेच कडवं म्हटलं. मायने तिच्या गुडघ्यावर चापट मारली, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवलं. वहिनीने परत म्हटलं. मायने आणखी एक चापट मारली. दोघी हसल्या. वहिनीने चित्र मागे नेलं.

मला मायने कधी अशी चापट मारली नाही. मी पुस्तकातली होते ना.

मायचा आवाज बदलला होता. थंडीत तिला ताप येऊन गेला, तेव्हापासून घसा भरल्यासारखा झाला होता, आणि पुढचे दोन दात पडल्यामुळे शब्द कडेने निसटायचे. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काळजीचं काही नाही, वय आहे. तिला स्वतःला तो बदल कळला नव्हता. वहिनीला कळला असणार, पण ती बोलली नव्हती.

मी आत गेले. दोघी दचकल्या, मग आनंदल्या, वहिनी चहाला उठली. मी विचारलं, हे काय चाललंय. मायने सांगितलं, सुनेला बोळवण देऊन टाकते. विहिरीपर्यंत आलंय. बाभूळ आणि नदी तेवढी राहिली, श्रावणापर्यंत होईल. हे ती इतकं सहज बोलली, जसं काही मला माहीतच असणार. मी म्हटलं, "मला कधी नाही दिलंस." माय हसून म्हणाली, "तुले कसाले? तू शिकेल शे ना." तिला तो मान वाटत होता. ती मला खाली पाडून बोलत नव्हती, हे मला माहीत होतं. तरी बोचलं.

या वेळी लॅपटॉप माझ्या पिशवीत होता. त्याच दुपारी मी ओट्यावर बसून आवाज बदलून घेतला. आठ महिने जे झालं नाही ते चहा निवायच्या आत सुरू केलं. कानाला हेडफोन लावून दोनदा सगळं ऐकलं, कुठे तुटत नाही ना म्हणून. मी काय करते आहे ते मला कळत होतं. टीव्हीतली माय गायला लागली की जमिनीवरच्या मायला गायची गरज राहणार नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं कारण उरणार नाही. वरून पाहणाऱ्याला दिसणार होतं की लेकीने शेवटी काम केलं. हेवा असा चांगल्या कामाच्या आतही राहू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मी गल्लीतल्या बायका बोलावल्या आणि फाइल लावली. आवाज आला. अकरा वर्षांपूर्वीचा, मोकळा, नदीच्या पलीकडे जाईल असा. बायका वा वा करत होत्या. काकू म्हणाली, "काय गळा व्हता व माय तुना." व्हता म्हणाली. मी मायकडे बघितलं. तिचे ओठ हलत नव्हते. एका कडव्याला तिने स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. गाणं नदीवर संपलं तशी उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. मी रविवारी परतले.

नंतर आठवडाभरात माझ्या ॲपवर ती फाइल एखाद-दोनदाच लावलेली दिसली. बाकी दुपारचे दोन वाजायचे, यादी तशीच. मला आधी बरं वाटलं, ते दोन दिवस टिकलं. मग वहिनीचा फोन आला. ती मला आपणहून कधी फोन करत नाही. म्हणाली, आई गात नाहीत. मी म्हटलं, आता टीव्हीवर आवाज आहे, त्यावरून शिक की. ती म्हणाली, आईपण हेच म्हणतात, "टीव्हीमानी बाई गास ना बराबर. मंग मी कसाले?" मी म्हटलं, मग रिमोटवरून आवाज बंद कर आणि पूर्वीसारखं बसा. तेही तिने करून पाहिलं होतं. आवाज बंद केला तरी मायला तो आतून ऐकू येत होता. ती टीव्हीकडे पाठ करून बसायची.

"मग आवाजावरूनच घे," मी परत म्हटलं. माझ्या बोलण्यात धार होती.

"ताई, मी बघितलं करून. टीव्ही चुकलं म्हणून सांगत नाही. मी चुकत जाते आणि तो पुढे जातो." ती पुढे म्हणाली, "बाभळीपासून पुढे मला येत नाही. कानबाईला पंधरा दिवस राहिले. आईंना चालताना दम लागतो, विहिरीच्या पुढे त्या गाऊ शकणार नाहीत. गाणं विहिरीपाशी थांबलं तर कानबाई नदीवर मुकी जाईल."

मी हे सगळं मोडलं होतं, आणि ते तिला माहीत होतं की नाही हे तिच्या आवाजावरून मला कळेना. अजूनही कळलेलं नाही.

मग तिने जे सांगितलं ते मी कितीही शिकले असते तरी मला सुचलं नसतं. म्हणाली, "तुम्ही या आणि त्यांच्यासमोर गा. मी चुकले तरी आता त्या गप्प बसतात, टीव्हीवरून नीट करून घे म्हणतात. तुमचं ऐकून त्या गप्प नाही बसणार. तुम्हाला अजिबात येत नाही ना, म्हणूनच."

तुम्हाला अजिबात येत नाही. दहावी शिकलेली बाई मला हे सांगत होती. मी फोन ठेवला आणि तासभर तिला मनातल्या मनात उत्तरं देत बसले. एकही उत्तर खरं नव्हतं. मी चार दिवसांची रजा टाकली.

दुपारी दोन वाजता वहिनीने फाइल लावली, आवाज बंद करून. माय दाराकडे तोंड करून शेंगा फोडत होती. मी वहिनीच्या जागेवर बसले. गाण्याचे शब्द मला हेडफोनवर दोनदा ऐकून आले होते, एवढी माझी स्मरणशक्ती आहे. चाल नव्हती. मी आयुष्यात प्रार्थना आणि राष्ट्रगीत सोडून काही गायलेलं नाही, तेही घोळक्यात. मी बाभळीचं कडवं सुरू केलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता, आणि वहिनी खाली मान घालून बसली होती, हसू नये म्हणून. भाऊ आतून डोकावला आणि परत गेला. बाहेर ओट्यावर काकू थबकलेली मला दिसली. लॅबमधल्या एखाद्या पोराने मला त्या वेळी पाहिलं असतं तर मी राजीनामा दिला असता.

दोन ओळी मायने सोसल्या. तिसरीला शेंग हातातच राहिली. चौथीला ती वळली.

"बंद कर व माय. हाई आयकीसन कानबाई अर्धा रस्तामाईन माघारे फिरी जाई."

मी बंद केलं नाही. मी तीच ओळ आणखी मोठ्याने म्हटली. तेव्हा तिने सूप बाजूला सारलं, सरकत सरकत माझ्यापाशी आली आणि माझ्या गुडघ्यावर फाडकन चापट मारली. लागली. आणि ती ओळ तिने म्हणून दाखवली. घोगऱ्या, फुटक्या, दातांतून निसटणाऱ्या आवाजात, पण जिथे वर जायचं तिथे ती वर गेली. मी परत चुकले, काही मुद्दाम आणि बहुतेक खरंच. तिने परत म्हटलं. टीव्हीवर बाभळीचं वळण आलं होतं, आणि तिची नजर न कळत तिकडे गेली. पाठीमागे वहिनी हळूच ओठ हलवत होती.

चार दुपारी मी अशी चुकत राहिले. तिसऱ्या दिवशी एक ओळ बरोबर आली, तर माय म्हणाली, उशिरा उगवलीस. माझ्या गुडघ्यावर वळ होते. मी चुकायचे, माय सुधारायची आणि वहिनी घ्यायची. मी मधली वाट होते, गाणं माझ्यावरून चालत पलीकडे गेलं. ते मला आवडलं असं मी म्हणणार नाही. पण त्या चार दिवसांत मी मायच्या जितकी जवळ बसले तितकी अभ्यासाच्या वर्षांत कधी बसले नव्हते, हेही खरं.

निघायच्या दिवशी मी वहिनीला पेटीत फाइली टाकायची परवानगी देऊन टाकली. मी फोन केला की महिनाभर ती हेच मागत होती आणि मी करते करते म्हणत होते, हे वर सांगायचं राहिलं.

कानबाईच्या रविवारी मी गेले. माझं ताट वेगळं आलं, रोट सोडून सगळं. सोमवारी सकाळी कानबाई निघाली. कानबाई माझ्या चुलतीच्या डोक्यावर, तिच्या पुढे माय आणि वहिनी, मागे गल्लीतल्या बायका फुगड्या घालत. उंबरा, गल्ली, पार, सगळं मायने म्हटलं, वहिनी तिच्या आवाजाखाली आवाज धरून. विहिरीपाशी मायला दम लागला. तिने वहिनीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं आणि स्वतः बाजूला झाली. वहिनी मागे न बघता पुढे गेली, बाभळीचं कडवं उचलून. मिरवणूक आमच्या बाजूने निघून गेली. मी शूटिंगसाठी मोबाइल धरला होता, तो खाली केला आणि मायच्या दंडाला धरून उभी राहिले.

आम्ही दोघी विहिरीच्या कट्ट्याला टेकलो. गाणं लांब जात होतं. पाय उतारावर लागले तसा वहिनीचा आवाज वाऱ्याने कधी यायचा, कधी नाही. ती छान गात होती. मायचे डोळे मिटलेले होते आणि बोटं माझ्या मनगटावर ताल धरत होती. नदीच्या उतरणीचं कडवं सुरू झालं. तिसऱ्या ओळीला वहिनीने श्वास तोडला, जिथे तोडायचा नसतो तिथे, आणि शब्द दोन तुकड्यांत पडला.

मायची बोटं थांबली. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "चुकनी."

"तुले समजनं?" माय म्हणाली.

मी हो म्हटलं. वहिनी चुकली याचं मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. ती नदीवर पोचली होती आणि गाणंही पोचलं होतं, एका चुकीसकट, आणि त्या सगळ्या गर्दीत ती चूक फक्त आम्हा दोघींना ऐकू आली होती. माय म्हणाली, घरी गेल्यावर तिला सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगू. पण कट्ट्यावरून आम्ही लगेच उठलो नाही.